गाय दूध सोडते तेव्हा

लीया आणि एडन,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगितलंत की शाळेच्या सहलीत तुम्ही गाईचं दूध काढलंत. मी खुर्चीत सरसावून बसले. मग एडन म्हणाला, "आजी, ती प्लास्टिकची होती. आत पाणी होतं." तिचं रबरी सड ओढलं की दर वेळी धार यायची, आणि रांगेतल्या प्रत्येक मुलाला सारखीच यायची. लीयाने विचारलं, "खरी गाय पण अशीच असते ना?"

मी "नाही" म्हणाले, तेवढ्यात तुमच्या आईने तुम्हाला जेवायला बोलावलं आणि माझं उत्तर अर्धवट राहिलं. ते पूर्ण करायला हे लिहिते आहे. आपल्या चर्चच्या नाताळ अंकाचे संपादकही बरीच वर्षं मागे लागले आहेत, "बाय, दुधाच्या धंद्यावर काहीतरी लिहा." तेव्हा हे त्यांनाही देईन. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. टोरोंटोत राहून तिची मराठी वाचायची सवय सुटली आहे, तिला अडखळायला होईल, पण घाईने वाचू देऊ नका.

तुमच्या आजीचा धंदा दुधाचा. मी वांद्र्याची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. वसईच्या वाडीत लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने एकच अट घातली होती, की माझी मुलगी शेणात हात घालणार नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तो घातला. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. घराच्या मागे केळींच्या कडेला गोठा होता, आणि तिथे माझी सासू, कात्रीन आय, रोज सकाळ-संध्याकाळ जे करायची ते मला एकदा जवळून बघायचं होतं. ते बघणं पुढे जन्मभर चाललं.

मी सगळं नीटनेटकं लागणारी बाई. धंदा माझ्या हातात आला तसं मी प्रत्येक गाईसाठी वेगळं फडकं केलं आणि त्यावर रंगीत दोऱ्याने तिच्या नावाचं पहिलं अक्षर भरलं. एकीच्या कासेचा रोग दुसरीला लागू नये म्हणून. तुमचे आजोबा हसायचे. म्हणायचे, "या घरात माणसांचे टॉवेल एकमेकांत जातात, गाईंचे जात नाहीत."

आता लीयाचा प्रश्न. गाईची कास म्हणजे दुधाने भरलेली पिशवी नव्हे, की खालून भोक उघडलं आणि दूध आलं. आत ती स्पंजासारखी असते. थोडंसं दूध खाली सडांपाशी उतरलेलं असतं. बाकीचं वर, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक दाण्यांमध्ये धरून ठेवलेलं असतं. ते पिळून येत नाही, ओढून येत नाही. गाईने सोडावं लागतं. तिला आता दूध द्यायची वेळ झाली असं वाटलं, म्हणजे वासराने ढुशी दिली, ओळखीचा हात लागला, नेहमीचा आवाज आला, की तिच्या मेंदूतून एक द्रव्य रक्तात उतरतं आणि कासेपर्यंत पोचतं. मग ते दाणे आपोआप आवळतात आणि दूध खाली येतं. याला मराठीत पान्हा म्हणतात. गाईला येतो तोच आईलाही येतो. तुमची आई पाळण्यात रडायला लागली की मी स्वयंपाकघरात असले तरी माझा ब्लाउज ओला व्हायचा.

पान्हा फार वेळ टिकत नाही. तेवढ्यात कास रिकामी करायची. सड ओढायचं नसतं. अंगठा आणि पहिलं बोट यांनी वरून बंद करायचं, म्हणजे दूध परत वर जात नाही, आणि मग उरलेली बोटं एकामागून एक मिटायची. मूठ वळते तशी. एक हात वळतो तेव्हा दुसरा सुटतो. पहिल्या धारा बादलीच्या तळावर टणटण वाजतात. दूध वर चढलं की आवाज जाड होतो, फेसात बुडतो. डोळे मिटून सांगता येतं बादली कुठवर आली.

आणि गाय घाबरली, बिथरली, तर पान्हा जातो. लोक म्हणतात गाय दूध चोरते. चोरते कसली? तिचंच असतं.

हे मी पुस्तकातून नंतर वाचलं. आधी शिकले ते असं. कात्रीन आय धार काढताना रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना म्हणायची, मराठीतून, एका सुरात. माळेचा पहिला भाग सुरू झाला की कास धुवायची, पुढे दोन सडं, मग मागची दोन. रोझरी संपायची तेव्हा गाय रिकामी झालेली असायची. घड्याळाचं काम रोझरी करायची. एकदा तिला ताप भरला. आमची तेव्हाची गाय भिंगरी. मी म्हटलं, मी काढते. बसले, कास धुतली, आणि रोझरी सुरू केली. मला ती शाळेत शिकवलेल्या इंग्रजीतच येत होती. भिंगरीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. दूध? चार चमचे. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटली, आणखी भक्तिभावाने. काही नाही. आतल्या खाटेवरून कात्रीन आयचा आवाज आला.

"काय चाललंय गो बाहेर?"

"आय, दूध सोडत नाहीये."

"कशी सोडेल? ती काय कॉन्व्हेंटात गेली होती?"

मग तिने खाटेवरूनच, खिडकीतून ऐकू जाईल अशी, मराठीतून सुरुवात केली. भिंगरीने एक लांब श्वास सोडला. माझ्या मुठीत असलेलं मऊ सड एकाएकी भरलं, ताठ झालं, गरम झालं. मी दचकून हात काढला, तर न धरताच थेंब पडायला लागले. घरात तापाने फणफणलेली म्हातारी, बाहेर ही गाय, मधे भिंत. आणि त्या आवाजाने इथे दूध उतरलं. मी बादली पुढे ओढली आणि तिच्या सुरावर मूठ वळायला लागले.

कात्रीन आयला वाटायचं, गाय भाविक आहे. मला वाटायचं, गाईला सवय आहे. आम्ही यावर पुष्कळ वाद घातला, आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. मराठी रोझरी मात्र मी त्याच आठवड्यात पाठ केली.

पुढे माझं थोडं नाव झालं. कुणाची गाय दूध देईना झाली की मला बोलावणं यायचं. गोखिवऱ्याला एका गृहस्थांनी जमिनीचा तुकडा बिल्डरला दिला होता आणि घराबरोबर गोठाही सजवला होता. खाली पांढऱ्या चकचकीत टाइल्स. मालक म्हणाले, "बघा बाय, माझ्या बाथरूमला नाही त्या लावल्यात. आणि ही बया दूध देत नाही. कुणाची नजर लागली असेल?" मी गाईकडे बघितलं. चारही पाय ताठ, खूर चिकटवल्यासारखे. तिला घसरून पडायची भीती वाटत होती. तिचं सगळं लक्ष उभं राहण्यात होतं. मी चार ओली गोणपाटं मागवली आणि तिच्या पायाखाली पसरली. थोड्या वेळाने ती सैलावली आणि दुधाला आली. मालक जरा नाराजच दिसले. गोणपाटांखाली टाइल्स दिसेनाशा झाल्या होत्या.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. एव्हरशाईन सिटी या जवळच्या इमारतींच्या वसाहतीतल्या एक बाई आठवडाभर दूध घेऊन तक्रार करायला आल्या, "आंटी, दुधाला गाईचा वास येतो." मी विचारलं, "कशाचा यायला हवा?" त्या विचारात पडल्या. "तसा नाही, पण पिशवीच्या दुधाला कशाचाच येत नाही ना." मी त्यांना गोठ्यात नेलं, गाईच्या मानेवर हात ठेवायला लावला. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाला घेऊन यायला लागल्या. वास काही कमी झाला नव्हता.

मग आमच्याकडे मशीन आलं. तुमचा मेलविन मामा गल्फमधून परत आला. तिथे तो मोठ्या डेअरीत कामाला होता. माझ्या अंगठ्याचे सांधे तोवर धरायला लागले होते आणि धार काढणारा माणूस मिळत नव्हता. मामाने गोठा नवीन केला, पाच संकरित गाई आणल्या. मशीनचे चार कप सडांना लावायचे, पंप चालू करायचा, टक-टक, टक-टक, आणि नळीतून दूध किटलीत. वासरंही जन्मल्याबरोबर वेगळी, बाटलीवर. मला ते आवडलं नाही, पण मामाचे कष्ट मी बघत होते. त्याने गोठा हसता-बोलता ठेवला होता. चारही बाजूंनी इमारती आल्या, तरी आमच्या केळींमागे गाई होत्या. तुम्हाला त्याने पहिल्याच दिवशी मशीनचा व्हिडिओ पाठवला होता. आठवतो? एडनने त्यावर फक्त ट्रॅक्टरचं चित्र पाठवलं होतं.

आणि मग ते मोठं वादळ आलं, मे महिन्यातलं.

वारा दुपारभर असा वाजला की बोललेलं ऐकू येईना. सकाळी दार उघडलं तर वाडी ओळखू येईना. केळी झोपलेल्या, शेजारचा आंबा आमच्या रस्त्यावर आडवा, विजेचे खांब वाकलेले. गोठ्याचा पत्रा टिकला होता, गाई ठीक होत्या. पण वीज नव्हती, आणि कधी येईल कुणी सांगेना. घरच्या इन्व्हर्टरवर दिवे लागायचे, पंप चालत नव्हता. मामाने जनरेटरसाठी फोन लावले. एकाने द्यायचं कबूल केलं, पण आडव्या आंब्यावरून तो आणणार कसा?

आदल्या संध्याकाळचं दूधही निघालं नव्हतं. त्यातल्या चार गाई दुधाच्या शेवटाकडे आलेल्या, त्यांना थोडी कळ काढता येत होती. पाचवी रोझी. ती आठवड्यापूर्वीच व्यायली होती. कालवड म्हणून आणलेली, याच गोठ्यात वाढलेली, पहिलं वेत, आणि दूध असं की मामा प्रत्येकाला बोलावून दाखवायचा. तिची कास फुगून चकाकत होती. पाय फाकवून उभी होती. दूध कासेत तुंबलं की कास आधी गरम होते, मग दगडासारखी घट्ट. त्या रोगाला आम्ही दगडीच म्हणतो. सड कायमचं जातं. कधी गायही जाते.

मामा तिच्याजवळ उकिडवा बसून प्रयत्न करत होता. मशीन तो डोळे मिटून जोडतो, पण हाताने धार त्याने कधी काढलीच नव्हती. लहानपणी बोलावलं की क्रिकेटला पळायचा. रोझी लाथ झाडत होती. तो उठला, चेहरा पांढरा.

"मम्मी, ही गेली तर मी बंद करतो सगळं. परत उभं करायची ताकद नाही माझ्यात."

तो रागाने बोलला असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. तो हळू बोलला.

मी बादली घेतली आणि खाली बसले. बऱ्याच वर्षांनी. गरम पाण्यात फडकं बुडवून कास शेकली, हाताने चोळली. मूठ वळली. दोन-चार बारीक धारा आल्या, सडात उतरलेल्या होत्या तेवढ्या, आणि संपल्या. वर सगळं गच्च. मी मामाला म्हटलं, वासरू आण. त्याने आणलं. रोझीने त्याला हुंगलं आणि मान फिरवली. तिने त्याला चाटलंच नव्हतं कधी. दुसऱ्याच कुणाचं पोर असावं तसं. ते वासरूही बाटलीच्या शोधात माझ्याच कोपराला तोंड लावत होतं. मला फार वाईट वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता.

मग नकळत माझ्या तोंडून रोझरी सुरू झाली. मराठीतून. मी म्हणत राहिले, म्हणत राहिले. रोझी तशीच ताठ.

तुमची ग्लोरिया मामी दारात उभी होती. ती एव्हरशाईन सिटीत सातव्या मजल्यावर वाढलेली. बँकेत नोकरी करते. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. नाकावर ओढणी धरून ती म्हणाली,

"मम्मी, सॉरी हां, पण तिला रोझरी कुठे माहितीये? ती मशीनवाली आहे. तिच्यासाठी रोझरी म्हणजे तो टक-टक."

मी हात थांबवून तिच्याकडे बघितलं. गोठ्यात न येणाऱ्या या मुलीने रोज घरात बसून तो आवाज ऐकला होता.

"मेल, तो व्हिडिओ आहे ना?" ती मामाला म्हणाली. "टोरोंटोला पाठवलेला?"

मामाने फोन काढला. पंप सुरू झाला, टक-टक, टक-टक. एवढासा आवाज, पावसाळी वाऱ्यात विरून जाणारा. रोझीचा एक कान वळला. तेवढंच. मामीने इकडेतिकडे बघितलं, उंबरा ओलांडला, रिकामी स्टीलची बादली उचलून रोझीच्या बाजूला ठेवली आणि फोन बादलीच्या तळाशी उभा केला. बादली घुमायला लागली. सगळा गोठा घुमायला लागला. पलीकडच्या चारही गाईंनी माना उचलल्या.

मुलांनो, पुढचं मी आयुष्यात असंख्य वेळा बघितलं आहे आणि तरी लिहिताना हात थांबतो. रोझीने रवंथ सुरू केला. फाकवलेले पाय जरा जवळ आले. कान खाली पडले. पोटाखालची ती मोठी शीर, बोटाएवढी जाड, फुगून वर आली. माझ्या तळहातात सड भरत गेलं. ओंजळीत पाणी चढतं तसं नव्हे. कुणीतरी आतून हात पुढे करावा तसं. कात्रीन आयच्या सुराने उतरलेला पान्हा आणि बादलीत ठेवलेल्या फोनने उतरलेला पान्हा, हाताला एकसारखाच लागला. त्या जनावराला आवाजाचं काय कळत असेल? प्रार्थना की पंप, तिला काय फरक? तिला एवढंच ठाऊक की हा आवाज आला की द्यायचं. मी मूठ वळली आणि धार सुटली, जाड, पांढरी.

"येतंय," मामा म्हणाला. मग नुसता भिंतीला टेकून उभा राहिला.

व्हिडिओ लहान होता. संपला की मामी परत लावायची. पान्हा टिकेल तोवर दूध काढायला हवं होतं आणि माझा अंगठा थोड्याच वेळात बधिर झाला. मी मामीकडे बघितलं. तिने माझ्याकडे.

"मम्मी, नाही हां. मला नाही जमणार."

"नखं काप."

"काय?"

"मेलविन, कात्री आण. नखं लागली तर ती लाथ मारेल."

लग्नासाठी वाढवलेली, अजून जपलेली ती नखं मामाने तिथेच कापली. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली. मी तिचा हात माझ्या हातात धरून सडावर ठेवला. "ओढू नको. वर बंद कर, आणि बोटं मिटत ये." पहिल्यांदा काही आलं नाही. दुसऱ्यांदा तिच्या सलवारीवर. तिसऱ्यांदा बादलीत टण्ण वाजलं, आणि तिच्या तोंडून "ओ माय गॉड" निघालं. मग तिचा हात चालत राहिला. नाकावरची ओढणी कधी घसरली तिला कळलं नाही. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "मम्मी, ही गरम आहे. माझ्याकडे ही स्वतःहून पाठवतेय."

आम्ही दोघींनी आळीपाळीने काढलं. मामाने बाकीच्या गाईंचे पाय सांभाळले; त्यांनीही त्याच आवाजावर जमेल तेवढं दिलं. वीज यायला दिवस लागले. रोज सकाळ-संध्याकाळ बादलीत फोन, गाडीच्या बॅटरीवर चार्ज केलेला. दूध आम्ही आंब्याच्या आडव्या खोडावरून पलीकडच्या हातांत देत होतो. आसपासच्या इमारतींतले लोक पातेली घेऊन यायचे. वासाची तक्रार त्या दिवसांत कुणी केली नाही.

पण पहिल्या दिवशी आमच्या हातांना उशीर झाला होता. रोझीच्या मागच्या डाव्या सडातून दुधाऐवजी गुठळ्या आल्या. मी ते पुन्हा पुन्हा पिळून रिकामं करत राहिले, शेक देत राहिले. डॉक्टर रस्ता मोकळा झाल्यावर आले, औषध सोडलं, आणि म्हणाले, "गाय वाचली. हे सड गेलं." ते ऐकून मी आत जाऊन बसले. आदल्या संध्याकाळीच मी वाऱ्यातून गोठ्यात गेले असते तर, असं मनात येतं. मामा म्हणतो, तेव्हा आजूबाजूचे पत्रे उडत होते. तेही खरं.

मामाने गोठा बंद केला नाही. तीन गाई विकल्या, दोन ठेवल्या. मशीन आहे, पण रोझीचं दूध हातानेच काढतात, कारण कोरड्या सडाला कप धरत नाही. बँकेत जायच्या आधी ग्लोरिया मामी काढते. रोझीची वासरी आता आईजवळच बांधतो आणि तीही पिते. मी बाजूला खुर्ची टाकून बसते आणि पान्हा येताना बघते. तो कसा येतो ते मला पाठ आहे, तरी बघते.

तर लीया, खरी गाय तशी नसते. तुम्ही याल तेव्हा ती तुम्हाला देईल की नाही, हे मी आधी सांगू शकत नाही.

रोझीची तीन सडं चालू आहेत.

तुमची,
आजी